लिनक्सवर नेट सारखं तुटतंय? आधी तुटण्याचा क्षण पकडा

लॅपटॉपवर लिनक्स, वायफायचं चिन्ह पूर्ण भरलेलं, आणि तरीही साधारण अर्ध्या तासाने नेट गायब. वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं की लगेच येतं, थोड्या वेळाने परत जातं. माझ्याकडे हे जवळजवळ तीन आठवडे चाललं होतं. त्या काळात मी पॉवर सेव्हिंग बंद केलं, आयपीव्ही६ (नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) बंद केलं, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी सेवा) बदलला, ड्रायव्हरला वेगवेगळे पर्याय देऊन पाहिले आणि शेवटी कर्नलही (लिनक्सचा गाभा) बदलला. एखाद्या बदलानंतर दिवसभर बरं चालायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. इतके बदल एकावर एक चढल्यावर कशाने काय झालं हे सांगणंच अशक्य झालं. मग कर्नल सोडून बाकी सगळे बदल काढून टाकले आणि लॉग, म्हणजे सिस्टीमच्या नोंदी, वाचायला बसलो. कारण त्याच संध्याकाळी सापडलं. ते वायफायमध्ये नव्हतंच. ते काय होतं हे पुढे येईल, पण ज्या क्रमाने ते सापडलं तो क्रम मला जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी तो सांगतो.

एक सूचना: आज्ञा आणि लॉगमधल्या ओळी इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत टाकायच्या.

‘नेट गेलं’ म्हणजे नक्की काय गेलं?

आपण एकच वाक्य बोलतो, पण त्यामागे निदान चार वेगळे बिघाड असू शकतात. राउटरशी असलेला दुवाच तुटलेला असतो, म्हणजे रेडिओ किंवा केबल. किंवा दुवा शाबूत असतो पण आयपी पत्ता किंवा रूट (बाहेर जायचा मार्ग) हरवलेला असतो. किंवा घरापर्यंत सगळं ठीक असतं आणि राउटरच्या पलीकडची लाइन मेलेली असते. किंवा सगळं चालू असतं, फक्त नावांचे पत्ते मिळत नसतात, म्हणजे डीएनएस. ब्राउझरमध्ये या चारही वेळी एकसारखंच पान दिसतं, म्हणून ब्राउझरवरून निदान करू नका.

त्याऐवजी तीन टर्मिनल उघडा आणि तिन्हींत पिंग (छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते पाहणारी आज्ञा) चालू ठेवा. पहिल्यात गेटवेला, म्हणजे राउटरला; त्याचा पत्ता ‘आयपी रूट’ या आज्ञेत ‘डिफॉल्ट व्हाया’च्या पुढे मिळतो. दुसऱ्यात बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला, उदाहरणार्थ १.१.१.१. तिसऱ्यात एखाद्या वेबसाइटच्या नावाला. तिन्हींना कॅपिटल डी आणि कॅपिटल ओ हे दोन पर्याय द्या. डीमुळे प्रत्येक ओळीआधी वेळ छापली जाते. ओमुळे उत्तर आलं नाही तर तशी ओळ येते. तो नसेल तर हरवलेल्या पॅकेटबद्दल पिंग गप्प बसतं, आणि आपल्याला तर नेमकी तीच ओळ हवी असते. डीने छापलेली वेळ १९७० पासूनच्या सेकंदांत असते, ‘डेट’ आज्ञेला ती दिली की नेहमीच्या घड्याळात बदलून मिळते. सगळं ‘टी’ या आज्ञेमधून फाइलमध्येही उतरवून ठेवा.

नेट ठीक असताना राउटर पिंगला उत्तर देतो ना, हे आधीच पाहून घ्या. काही राउटर देत नाहीत आणि मग उगाच भलताच निष्कर्ष निघतो.

नेट गेल्यावर तिन्ही खिडक्या एकत्र पाहा. गेटवेच उत्तर देत नसेल तर बिघाड तुमचा संगणक आणि राउटर यांच्या मध्ये आहे. गेटवे ठणठणीत आणि १.१.१.१ गप्प, तर लिनक्सवर एकही सेटिंग बदलू नका; त्याच वेळी फोनवर नेट चालतंय का पाहा, तिथेही नसेल तर दोष लाइनचा किंवा राउटरचा. आकडी पत्ता चालतोय आणि फक्त नावाचं पिंग नव्याने सुरू होत नसेल, तर डीएनएस. इथे एक बारकावा आहे: चालू असलेल्या पिंगने नावाचा पत्ता सुरुवातीलाच मिळवलेला असतो, त्यामुळे डीएनएस गेला तरी ते चालत राहतं. तिसरी खिडकी थांबवून पुन्हा सुरू करावी लागते.

पिंगचा संदेशही नीट वाचा. ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ म्हणजे तुमच्या संगणकाकडे तिकडे जायचा रूटच नाही. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आणि त्यासोबत तुमचाच पत्ता, म्हणजे रूट आहे पण राउटर ‘हा पत्ता कोणाचा’ या एआरपीच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ म्हणजे डीएनएस. नुसतं ‘अजून उत्तर नाही’ म्हणजे पॅकेट गेलं, पण वाटेत कुठेतरी हरवलं.

कोणी कोणाला सोडलं?

पिंगने जागा दाखवली, आता लॉग. ‘जर्नलसीटीएल’ला एफ पर्याय देऊन एक चौथी खिडकी उघडी ठेवा. आधी होऊन गेलेलं पाहायचं असेल तर बी पर्याय चालू बूटचा लॉग देतो आणि बी उणे १ त्याच्या आधीच्या बूटचा. आधीचा लॉग मिळतच नसेल तर ‘व्हार लॉग’खाली ‘जर्नल’ नावाची डिरेक्टरी आहे का पाहा. ती नसली तर काही वितरणांत लॉग फक्त मेमरीत राहतो आणि संगणक बंद होताच पुसला जातो.

वायफाय खरंच तुटलं असेल तर कर्नलच्या ओळींत बहुधा दोनपैकी एक वाक्य सापडतं. एक असं: ‘डीऑथेंटिकेटिंग फ्रॉम’, पुढे राउटरचा हार्डवेअर पत्ता, आणि मग ‘बाय लोकल चॉइस’. दुसरं: ‘डीऑथेंटिकेटेड फ्रॉम’ आणि तोच पत्ता. फरक फक्त शेवटच्या अक्षरांचा, पण अर्थ उलटा. पहिल्यात तुमच्या संगणकाने राउटरला सोडलं, दुसऱ्यात राउटरने तुम्हाला काढलं. डब्ल्यूपीए सप्लिकंटच्या (वायफाय जोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ओळीत हीच माहिती ‘लोकली जनरेटेड=१’ अशी येते; राउटरने काढलं असेल तर ती खूण नसते. तीन आठवडे ड्रायव्हरशी झटापट करण्याआधी हा एक शब्द वाचायला हवा, असं आता प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

त्याच ओळीत ‘रीझन’ म्हणून एक आकडा असतो. ३ आणि सोबत लोकली जनरेटेड, म्हणजे संगणकावरच्याच एखाद्या प्रोग्रॅमने मुद्दाम सोडलं: संगणक झोपी गेला, कोणीतरी नेटवर्क मॅनेजर (नेटची जोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम) रीस्टार्ट केला, किंवा दुसरं नेटवर्क निवडलं गेलं. ४ आणि लोकली जनरेटेड असेल तर गोष्ट वेगळी: कार्डाला राउटरचे बीकन (‘मी इथे आहे’ असं सांगणारे त्याचे नेहमीचे संदेश) ऐकू येईनात, म्हणून त्याने राउटर हरवला असं धरलं. हा आकडा बहुधा कमकुवत सिग्नल, पॉवर सेव्हिंग किंवा ड्रायव्हरकडे बोट दाखवतो. १५ म्हणजे पासवर्डाची चार टप्प्यांची देवाणघेवाण वेळेत पूर्ण झाली नाही. पासवर्ड चुकला तरी हा येतो आणि सिग्नल वाईट असला तरी येतो. कालपर्यंत चाललेला पासवर्ड नेटवर्क मॅनेजर आज अचानक पुन्हा विचारू लागला, तर तो पुन्हा पुन्हा टाइप करत बसू नका, आधी सिग्नल पाहा.

आणि नेट गेलं त्या मिनिटाला अशी एकही ओळ नसेल, तर वायफाय तुटलेलंच नाही. माझ्या लॉगमध्ये नेमकं हेच होतं.

वेळेचा नमुना

चार-पाच वेळा तुटल्यावर त्या वेळा एका कागदावर एकाखाली एक लिहून काढा. घड्याळ लावल्यासारखं ठराविक अंतर दिसलं तर डीएचसीपीची लीज (राउटरने ठराविक मुदतीसाठी दिलेला आयपी पत्ता) किंवा राउटरचं वायफायची गुप्त किल्ली बदलणं. संगणक नुसता पडून असताना जात असेल तर पॉवर सेव्हिंग. मोठी फाइल उतरवताना जात असेल तर ड्रायव्हर, फर्मवेअर (कार्डाच्या आतला प्रोग्रॅम) किंवा केबल. फक्त बॅटरीवर असताना जात असेल आणि टीएलपी (बॅटरी वाचवणारा प्रोग्रॅम) इन्स्टॉल असेल, तर उत्तर जवळपास मिळालंच: टीएलपी मुळातच चार्जरवर वायफायची वीजबचत बंद ठेवतं आणि बॅटरीवर चालू करतं. झोपेतून उठल्यावरच जात असेल तर ड्रायव्हरचं मॉड्यूल काढून पुन्हा घालून पाहा; तेवढ्याने नेट येत असेल तर दोष ड्रायव्हरला नीट जाग न येण्यात आहे.

पॉवर सेव्हिंग

याचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं आणि बरेचदा ते बरोबरही असतं. राउटर साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी एक बीकन पाठवतो. वीज वाचवणारं कार्ड दोन बीकनच्या मध्ये डुलकी घेतं, बीकनच्या वेळी जागं होतं आणि आपल्यासाठी काही राखून ठेवलंय का ते पाहतं. कार्ड आणि राउटर यांचं हे वेळापत्रक जुळलं नाही की बीकन चुकत जातात आणि कार्ड संबंध तोडतं.

तपासायला ‘आयडब्ल्यू डेव्ह’, पुढे इंटरफेसचं नाव (‘आयपी ॲड्रेस’मध्ये दिसणारं वायफाय कार्डाचं नाव), आणि ‘गेट पॉवर अंडरस्कोर सेव्ह’. बंद करून पाहायला ‘गेट’च्या जागी ‘सेट’ आणि शेवटी ‘ऑफ’. हा बदल रीबूटपर्यंतच टिकतो आणि तपासणीसाठी तेच बरं. फरक पडला तरच कायमचा करा: नेटवर्क मॅनेजरच्या ‘कॉन्फ डॉट डी’ फोल्डरमध्ये एक फाइल, त्यात ‘कनेक्शन’ विभागाखाली ‘वायफाय डॉट पॉवरसेव्ह’ला २ ही किंमत. २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू. उबुंटूमध्ये याच फोल्डरात ३ लिहिलेली फाइल आधीपासून असते. तुमची फाइल नावाच्या अकारविल्हे क्रमात तिच्यानंतर यायला हवी, नाहीतर तुमची २ वाचूनही पुढे ३च लागू होते.

यूएसबीचा वायफाय डोंगल असेल तर एक जास्तीची शक्यता. कर्नल वापरात नसलेलं यूएसबी उपकरण मुळात २ सेकंदांनी झोपवू शकतो, आणि काही डोंगल त्यातून नीट उठत नाहीत. कर्नल लॉगमध्ये ‘यूएसबी डिसकनेक्ट’ आणि पाठोपाठ ‘न्यू यूएसबी डिव्हाइस’ दिसलं तर वायफायचं सेटिंग शोधू नका. डोंगल दुसऱ्या पोर्टला लावा, मग ऑटोसस्पेंड बंद करून पाहा.

हवेतला गोंधळ

‘आयडब्ल्यू डेव्ह, इंटरफेस, लिंक’ ही आज्ञा सिग्नल डीबीएममध्ये देते. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत निभावतं, उणे ७५ च्या पलीकडे तुटणं साहजिकच आहे आणि तिथे कुठलंही सॉफ्टवेअर मदत करणार नाही. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हेच चॅनल एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून राउटरवर त्यांतलाच एक ठेवा. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क आणि तिची केबल याच पट्ट्यात आवाज करतात. डिस्क लावली की नेट जातं असं दिसलं तर डोंगल एका एक्स्टेन्शन केबलने हातभर लांब नेऊन पाहा.

५ गिगाहर्ट्झवर एक सापळा आहे. ५२ ते १४४ हे चॅनल रडारबरोबर वाटून घेतलेले असतात. राउटरला रडारची चाहूल लागली की तो चॅनल त्याला सोडावाच लागतो, आणि तशाच दुसऱ्या चॅनलवर जायचं तर आधी निदान १ मिनिट नुसतं ऐकत थांबावं लागतं. घरातली सगळी उपकरणं एकदम तुटतात आणि मिनिटभराने एकदम परत येतात, असं होत असेल तर राउटरवर ३६ ते ४८ मधला चॅनल कायमचा ठरवून द्या.

घरात दोन-तीन ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारी उपकरणं) एकाच नावाने असतील तर संगणक त्यांच्यात सारखा उड्या मारतोय का तेही पाहा. लॉगमधला हार्डवेअर पत्ता बदलत असतो. नेटवर्क मॅनेजरमध्ये त्या कनेक्शनचा बीएसएसआयडी (ॲक्सेस पॉइंटचा हार्डवेअर पत्ता) एका पत्त्याला बांधला की या उड्याही थांबतात आणि त्यासाठीचं मागचं स्कॅनिंगही. टेबलावरच्या संगणकासाठी हे छान आहे. खोल्यांतून फिरणाऱ्या लॅपटॉपसाठी नाही.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर

‘एलएसपीसीआय’ला के पर्याय दिला की कुठल्या कार्डाला कुठला ड्रायव्हर लागलाय ते कळतं. मग त्या ड्रायव्हरचं नाव कर्नल लॉगमध्ये शोधा. इंटेलच्या कार्डांत ‘मायक्रोकोड एसडब्ल्यू एरर डिटेक्टेड’ आणि खाली आकड्यांचा लांबलचक ढीग दिसला तर कार्डावरचं फर्मवेअर कोसळून पुन्हा उभं राहतंय. फर्मवेअरचं पॅकेज ताजं करा. काल अपडेट झालं आणि आजपासून त्रास सुरू झाला असेल तर ग्रबच्या (बूट होतानाच्या मेनूच्या) यादीतून जुना कर्नल निवडून एक दिवस चालवा. मला हीच चाचणी सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात कुठलंही सेटिंग बदलत नाही आणि उत्तर स्वच्छ हो किंवा नाही मिळतं. रिअलटेकच्या काही पीसीआय कार्डांना एएसपीएम ही पीसीआयची वीजबचत मानवत नाही; ‘आरटीडब्ल्यू८८’ ड्रायव्हरमध्ये ती त्याच कार्डापुरती बंद करायचा पर्याय आहे. पूर्ण संगणकाची एएसपीएम बंद करण्यापेक्षा तो बरा.

केबल असूनही तुटत असेल तर

एका डेस्कटॉपवर मला कर्नल लॉगमध्ये ‘लिंक इज डाउन’ दिसायचं आणि चार-पाच सेकंदांनी ‘लिंक इज अप’. दुसरी ओळ पूर्ण वाचल्यावर लक्षात आलं की आधी वेग १००० लिहिलेला असायचा आणि आता १०० होता. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. म्हणजे एखादी जोडी जात होती. केबल हातात घेऊन सरकवत पाहिली, तर टेबलाच्या पायाजवळ ती चपटी झाली होती आणि खुर्चीचं चाक रोज तिथूनच जायचं. केबल बदलली, लॉग शांत झाला. ‘ईथटूल’ आणि पुढे इंटरफेसचं नाव दिलं की चालू वेग दिसतो, आणि ‘आयपी एस लिंक’ मधला एररचा आकडा वाढत असेल तर आधी केबल, मग पोर्ट, मग बाकीचं. इंटेलच्या ‘ई१०००ई’ ड्रायव्हरवर ‘डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग’ अशी ओळ आली तर मात्र केबल निर्दोष आहे. तिथे ईथटूलने टीएसओ आणि जीएसओ (मोठ्या डेटाचे तुकडे पाठवताना शेवटी करण्याच्या सोयी) बंद करून पाहतात.

माझं काय होतं

तर माझ्या पिंगमध्ये गेटवेचं उत्तर थांबत होतं, लॉगमध्ये मात्र वायफाय तुटल्याची ओळ नव्हती. म्हणजे रेडिओ शाबूत, गडबड पत्त्याची किंवा रूटची. नेट गेलेलं असतानाच ‘आयपी ॲड्रेस’ चालवलं. एकाच वायफाय इंटरफेसखाली दोन आयपीव्ही४ पत्ते, १९२.१६८.१.१४ आणि १९२.१६८.१.२७. ‘आयपी रूट’मध्ये डिफॉल्टच्याही दोन ओळी.

कधीतरी प्रयोग म्हणून डीएचसीपीसीडी (राउटरकडून पत्ता मागून घेणारा आणखी एक प्रोग्रॅम) इन्स्टॉल केला होता आणि तो दर बूटला सुरू होत होता. नेटवर्क मॅनेजर स्वतःचा पत्ता वेगळा घेत होता. दोघांनी राउटरला आपली ओळख वेगवेगळी सांगितल्यामुळे राउटरने दोघांना दोन पत्ते दिले, त्याची त्यात काहीच चूक नाही. लीज १ तासाची होती. निम्मी मुदत उलटली की क्लायंट ती वाढवून मागतो, म्हणून दर अर्ध्या तासाला एक जण आपला पत्ता आणि रूट नव्याने लिहायचा आणि दुसऱ्याची घडी विस्कटायचा. वायफाय बंद-चालू केल्यावर दोघं नव्याने सुरुवात करायचे, म्हणून तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

‘सिस्टीमसीटीएल डिसेबल’ आणि ‘नाऊ’ पर्याय देऊन डीएचसीपीसीडी थांबवला. तुमच्याकडे तपासताना नेटवर्क मॅनेजर, सिस्टीमडी नेटवर्कडी, डीएचसीपीसीडी आणि कॉनमॅन यांपैकी किती सेवा एकदम चालू आहेत ते पाहा. एका इंटरफेसचा कारभार एकीकडेच असला पाहिजे. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्याचा अर्थ वेगळा: डीएचसीपीकडून उत्तरच आलं नाही, म्हणून संगणकाने तात्पुरता पत्ता स्वतःच घेतला.

एक प्रकार राहिला. तिन्ही पिंग व्यवस्थित, पण काही साइट अर्ध्या उघडून लटकतात, विशेषतः व्हीपीएनवर. ते तुटणं नाही, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) आहे. पिंगला ‘एम डू’ (पॅकेटचे तुकडे करू नको) आणि आकार १४७२ देऊन पाहा. गेलं नाही तर १४६४. दुसरं गेलं तर एमटीयू १४९२ आहे, पीपीपीओईच्या (काही ब्रॉडबँड जोडण्यांतल्या पद्धतीच्या) लाइनला सहसा तेवढाच असतो.

दुरुस्तीनंतर लगेच ‘झालं’ म्हणू नका. पूर्वी दोन तुटण्यांत सगळ्यात मोठं जे अंतर होतं, त्याच्या निदान तिप्पट वेळ पिंग चालू ठेवा. मी रात्रभर ठेवलं. सकाळी फाइलमध्ये ‘अजून उत्तर नाही’ ही ओळ शोधली, एकही सापडली नाही, आणि मग बदललेला कर्नलही परत पहिल्यासारखा केला.